शेजारणीच्या घरातल्या चार भाषा

आमची लेक अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. खुणा करायची, खदखदून हसायची, पण तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, कान उत्तम आहेत म्हणाले आणि फर्मान काढलं, "घरात दोन भाषा कशाला? तुमची बंद करा, फक्त इंग्रजी बोला." नवऱ्याला ते लगेच पटलं. मला मात्र पटेना. साताऱ्याला माझी आई नातीचा आवाज ऐकायला आसुसली होती आणि तिला इंग्रजीचा गंधही नव्हता.

सकाळी मी लायब्ररीत कामाला जायचे तेव्हा लेकीला शेजारीण सांभाळायची. ती फिलिपिन्सची, हॉस्पिटलात नर्स, संध्याकाळच्या पाळीला जाणारी. लेकीसाठी ती मावशी होती. एकदा मी तिला विचारलं, "तुमच्या फिलिपिनो भाषेत पाण्याला काय म्हणतात?" तिने कमरेवर हात ठेवले. "कुठल्या? माझ्या, नवऱ्याच्या, की शाळेतल्या?" मी वरमले. 'तुम्ही इंडियन बोलता का?' असं कुणी अमेरिकन विचारायचा तेव्हा माझं डोकं फिरायचं, आणि मी तरी काय वेगळं केलं होतं?

तिच्या धाकट्या मुलीच्या वाढदिवसाला मला त्यातली गंमत कळली. शेजारीण सेबू बेटावरची, तिची भाषा बिसाया. स्वयंपाकघरात ती आणि तिची बहीण शेवया परतताना त्याच भाषेत वाद घालत होत्या. नवरा उत्तरेकडचा. बाहेर कोळशांवर मटण भाजत तो आपल्या भावांशी इलोकानोत बोलत होता, आणि त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. लग्नच मुळी टागालोगमध्ये जमलं होतं, दोघांनी शाळेत शिकलेल्या भाषेत. "भांडण रंगात आलं की मात्र जो तो आपापल्या भाषेत शिरतो," ती म्हणाली. "मग कुणी काही मनाला लावून घेत नाही." मी हसून हसून बेजार झाले.

अंगणात मुलं खेळत होती, ती सगळी इंग्रजीत.

तेवढ्यात सेबूहून तिच्या आईचा फोन आला. तिने मोठ्या मुलाच्या हातात रिसीव्हर दिला. तो "हॅलो लोला" म्हणाला, म्हणजे हॅलो आजी. मग काही क्षण नुसता कानाला लावून उभा राहिला आणि गुपचूप परत देऊन पळाला. फोन ठेवल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला डॉक्टरांचं सांगितलं.

तिचं हसू मावळलं. "थोरल्याच्या वेळी मलाही शाळेतल्या बाईंनी हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी ऐकलं. तो काही त्यामुळे लवकर बोलला नाही. माझ्या गावात लेकरं दुधाचे दात पडायच्या आत तीन भाषांत भांडतात, एकही मुकं नाही. तू तुझ्या मुलीशी तुझ्याच भाषेत बोल. डॉक्टरांना मी बघून घेते!"

मी घरी येऊन नवऱ्याशी कडाक्याचं भांडले, मराठीत. त्या दिवसापासून लेकीला भरवताना, न्हाऊ घालताना, गाडीत मागे बसवून तासन् तास ड्राइव्ह करताना मी मराठीत अखंड बडबडत राहिले. शेजारीण तिच्याशी बिसायात बोले. लेक दोघींकडे टकामका बघायची. मी मनातून घाबरलेलीच होते.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली. आदल्या दोन-तीन महिन्यांत लेक माझ्याशी बोलायला लागली होती, पण परक्या माणसापुढे तिचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. दारात बॅगा ठेवल्या तेव्हा ती माझ्या मागे लपली. मग हळूच पुढे झाली, आजीचा हात धरला आणि आपल्या कपाळाला टेकवला. आई गोंधळली.

"अगं, हे काय? नमस्कार करायचा तर वाकून नाही का करायचा?"

मी समजावणार तोच लेक म्हणाली, "मावशीकडे असा करतात. आजी, तू इथे बस. मी तुला सगळं सांगते."

आई मटकन खाली बसली. लेक सांगत सुटली, मावशीचा कुत्रा, मावशीच्या शेवया, मावशीचा ओरडणारा नवरा. आई डोळे पुसत नुसती "हो का गं?" म्हणत होती.

शेजारीण शेवयांचं भांडं घेऊन दारात उभी होती. "काय सांगतेय?" तिने मला विचारलं.

"तुझ्याबद्दलच." मी तिला मिठी मारली. या बाईचे उपकार कसे फेडायचे, मला आजही कळलेलं नाही.

तिने भांडं माझ्या हातात दिलं आणि घाईघाईने घरी गेली. कुंपणापलीकडून तिने मोठ्या मुलाला मारलेली हाक मला ऐकू आली. ती इंग्रजीत नव्हती.