चोरीचा म्हणून दिलेला गेम

आमच्या पलासिया भागातला कम्प्युटरवाला कोणाच्या कम्प्युटरवर जुना गेम टाकायचा असला, की आधी शटर अर्धं खाली ओढतो. मग कुजबुजतो, “भिया, जुगाडनं आणलाय, किसी को बोलना मत.” बाबांच्या लॅपटॉपवर त्यानं असाच एक टाकला. बाबा रोज दार लोटून खेळायला लागले.

परवा कळलं, तो गेम कंपनीनं स्वतःच सगळ्यांना फुकट दिलाय. माझं डोकंच फिरलं. कंपनीचं पान मोबाइलवर उघडून मी दुकानात कम्प्युटरवाल्याच्या नाकासमोर धरलं.

“सरळ मिळणाऱ्या गोष्टीला चोरीची का म्हणता?”

“फुकटचा म्हटला तर लोक उघडूनसुद्धा बघत नाहीत, भिया.”

तणतणत घरी आलो आणि बाबांना खरं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. तेव्हापासून त्यांनी तो गेम उघडलेला नाही.