तेराच्या तारा

माझ्या मामाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या गिटारी सुरात लावण्यात गेलं. स्वतः त्याने चार लोकांसमोर कधी एक गाणं वाजवलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "मला वाजवता येत नाही, मला ऐकता येतं." यात फुशारकी नव्हती. आपली उंची किती, हे माणूस जसं सांगतो तसं तो सांगायचा.

ज्याच्या गिटारी तो लावायचा, त्याला सगळे म्हातारा म्हणत. हे नाव त्याला तेविसाव्या वर्षीच पडलं. पहिल्या रेकॉर्डवर त्याने असं वाजवलं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने दोन बायका, तीन घरं आणि एक पाय गमावलाय. प्रत्यक्षात तो तेव्हा आईच्या हातचं जेवत होता आणि त्याचे दोन्ही पाय शाबूत होते. पण ब्लूजमध्ये असं चालतं. माझी आई ब्लूजला तालातलं रडगाणं म्हणायची, आणि ती फार चूक होती असं मी म्हणणार नाही.

मामा आणि म्हातारा शाळेत एका बाकावर बसायचे. म्हातारा मामाला 'खुंट्या' म्हणायचा, कारण मामाचा हात सदानकदा गिटारच्या खुंट्यांवर. पुढे म्हाताऱ्याचं नाव झालं, ठिकठिकाणी बोलावणी येऊ लागली, तसा खुंट्याही त्याच्याबरोबर फिरू लागला. लग्न करायचं राहूनच गेलं. कार्यक्रम नसेल तेव्हा मामा आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत राहायचा. त्या खोलीत एक खाट, एक कामाचं टेबल आणि एक पत्र्याची पेटी होती. पेटीत पक्कड, पाने, चिंध्या, आणि तारांची कागदी पाकिटं.

पुढचं समजायला तारांबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. गिटारमधली सगळ्यांत बारीक तार किती जाड, हे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ती तेरा असली तर सगळा संच तेराचा, नऊ असली तर नऊचा. बहुतेक लोक नऊच्या नाहीतर दहाच्या लावतात. म्हातारा तेराच्या लावायचा. ब्लूज वाजवणारा तार नुसती दाबत नाही, दाबलेली तार बोटाने बाजूला ढकलत नेतो आणि सूर वर चढवतो. तेराची तार अशी ढकलणं म्हणजे गंजलेली कडी एका बोटाने सरकवणं. म्हातारा ती सरकवायचा, वर हलवायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. त्यातून जो आवाज निघायचा तो जाड, भरलेला, जरासा दुखरा असायचा. तो दुसऱ्या कुणाकडेच नव्हता.

त्याला याची घमेंड होती. प्रत्येक मुलाखतीत त्याचं एक ठरलेलं वाक्य असायचं: "बारीक तारा म्हणजे शिवणाचा दोरा. बोटातून रक्त येत नसेल तर गिटार विकून टाका." हे वाक्य पोस्टरवर छापून आलं. गल्लोगल्ली पोरांनी तेराच्या तारा आणल्या आणि बोटांना पट्ट्या बांधून हिंडू लागली. माझ्या खोलीत तेच पोस्टर होतं. फोटोत म्हाताऱ्याच्या मागे, खांद्यावर फडका टाकून, अर्धा कापला गेलेला माझा मामा उभा होता. मी त्याच्याकडे फारसं बघत नसे.

आता जे सांगते ते मला फार नंतर कळलं. पण क्रमाने सांगितलेलं बरं.

स्टेजवर इतका गोंगाट असतो की गिटार लावताना कानाचा काही उपयोग नाही. म्हणून मामा गिटारच्या लाकडाला जबडा टेकवायचा आणि हाडातून ऐकायचा. हनुवटीखाली त्याला त्यामुळे घट्टा पडला होता. म्हाताऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मामाला ऐकू आलं की संथ गाण्यातला सगळ्यांत वरचा सूर केसभर खाली राहतोय. आणखी कुणाच्या लक्षात आलं नाही. मामाने त्याच्या हाताकडे नीट पाहिलं. डाव्या हाताची पेरं सुजली होती, आणि मध्यंतरात म्हातारा तो हात काखेत दाबून बसला होता.

म्हातारा पूर्वी एकदा त्याला म्हणाला होता, "खुंट्या, ज्या दिवशी तेराची ओढता येणार नाही त्या दिवशी आपलं दुकान बंद. दोऱ्यावर वाजवून मी लोकांना फसवणार नाही." म्हातारा बोलेल ते करणारा होता. म्हणजे हाताचं हे त्याला कळलं असतं तर त्याचं वाजवणं संपलं असतं, आणि त्याच्याबरोबर मामाचं सगळंच.

तेव्हा मामाने त्याला कळू दिलं नाही. त्याने एक तार बाराची लावली, एकच. दोन महिन्यांनी दुसरी. वर्षभरात सगळा संच बाराचा झाला, मग अकराचा, मग दहाचा, सहाव्या वर्षी नऊचा. या कानाचं त्या कानाला कळलं नाही. नवी बारीक तार घरी पाकिटातून काढायची, तेराच्या पाकिटात भरायची आणि पाकीट पुन्हा चिकटवायचं. आवाज पातळ होऊ नये म्हणून अँप्लिफायरची बटणं हळूहळू फिरवत न्यायची. माणसाला स्वतःचं टक्कल सगळ्यांत शेवटी कळतं, तसंच हे. म्हातारा म्हणायचा, "पन्नाशी उलटली पण हात बघ, विशीतला आहे." मामा म्हणायचा, "आहे खरा." आणि फडक्याने गिटार पुसायचा.

आवाज बदललाच. मामाला तो रोज ऐकू यायचा. तो भरलेला, दुखरा आवाज गेला होता आणि त्याच्या जागी त्याच्यासारखा एक आवाज होता. बाकीच्यांना तो पुरला.

हे सगळं चाललं असताना मी सोळा वर्षांची झाले आणि गिटार वाजवू लागले. तारा कुठल्या आणायच्या हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. भिंतीवर लिहिलं होतं. मी तेराच्या लावल्या. आतल्या खोलीत बसून रोज चार तास वाजवायचे. आईने आधी टोमणे मारले, मग कानात कापूस घातला. मामा घरी असला तर भिंतीपलीकडे असायचा, पण माझ्या वाजवण्याबद्दल एका शब्दाने बोलायचा नाही. आई म्हणायची, "मुलखाचा घुम्या आहे माझा भाऊ. त्याला बोलतं करायचं तर त्याच्याच कानाच्या खुंट्या पिळाव्या लागतील."

एकोणिसाव्या वर्षी मला एका बँडने घेतलं. पहिल्या कार्यक्रमाला अकरा दिवस राहिले असताना डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं. आवाजसुद्धा आला. महिनोन्महिने जे दुखत होतं ते मी रक्ताच्या हिशेबात धरून चालले होते. डॉक्टरांनी शिरेचं काहीतरी नाव सांगितलं, शस्त्रक्रिया केली, पट्टी बांधली. बोट राहिलं, पण ते आता सरळ होत नाही आणि त्यात जोर येत नाही. बँडने दुसरी मुलगी घेतली. ती दहाच्या लावायची. मी गिटार पलंगाखाली सरकवली. रडू आलं नाही. कुणीतरी घरातलं सामान हलवलंय आणि मला ते नेमकं कुठलं ते सांगता येत नाही, असं काहीसं वाटायचं. पोस्टर तसंच राहू दिलं, काढायचा कंटाळा आला.

त्यानंतर आठ महिन्यांनी मामाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नेमका त्याच आठवड्यात एक कार्यक्रम होता. मामाने बदली म्हणून पियानो लावणाऱ्या एका गृहस्थांना सांगितलं. साठीचे, टापटिपीचे, खिशात जाडी मोजायचं यंत्र घेऊन फिरणारे. मामाने त्यांना बजावलं, "तारा बदलू नका. फक्त सुरात लावा." त्यांनी मान डोलावली.

पण दुपारच्या तालमीत पहिली तार तुटली. गृहस्थांनी पेटीतलं पाकीट उघडलं, आणि पियानोवाल्याच्या सवयीने तार लावण्याआधी मोजली. पाकिटावर तेरा, तार नऊ. दुसरं पाकीट उघडलं, तेच. चौदाच्या चौदा पाकिटं उघडून मोजली. कारखान्याने घोटाळा केलाय अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी रिक्षा करून दुकान गाठलं, खऱ्या तेराच्या तारा मोजून आणल्या आणि सगळा संच बदलला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई पुढे म्हणाली. पण माझ्या मते तो माणूस शहाणाही नव्हता आणि मूर्खही नव्हता. तो प्रामाणिक होता, आणि त्या पेटीत प्रामाणिक माणसाचा हात कधी पडेल असं मामाला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी म्हातारा स्टेजवर गेला. पहिल्या गाण्यात त्याने तार ढकलली आणि ती अर्ध्यातच थांबली. त्याने पुन्हा ढकलली. ऐकणाऱ्यांना वाटलं, काहीतरी नवीन करतोय. तिसऱ्या गाण्यात त्याने हात काढला, गिटार खुर्चीवर ठेवली, लोकांना नमस्कार केला आणि आत गेला. आत गृहस्थ उभेच होते. "आवाज कसा वाटला?" त्यांनी विचारलं. "तुमच्या पाकिटांत सगळ्या नऊच्या तारा होत्या. मी दुरुस्त केलं."

"सगळ्या?" म्हाताऱ्याने विचारलं.

"चौदाही पाकिटं," गृहस्थ म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा आमच्या घरी आला. मामा खाटेवर बसला होता, एका डोळ्याला पट्टी. म्हातारा कामाच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसला. मी चहा घेऊन गेले.

"किती वर्षं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आठ," मामा म्हणाला. "नऊच्या गेली दोन."

"आणि मी सगळ्यांना सांगत होतो, रक्त येऊ दे. तू मागे उभा राहून ऐकत होतास."

"हो."

"हसत होतास?"

"नाही."

म्हाताऱ्याने कप उचलायला हात पुढे केला आणि त्याला माझं बोट दिसलं. "हिला काय झालं?"

मीच सांगितलं, "तेराच्या लावल्या होत्या. शीर तुटली. आता वाजवत नाही."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मग मामाला म्हणाला, "अरे, घरातल्या पोरीला तरी सांगायचंस."

"तिला सांगितलं असतं तर तिने तुला विचारलं असतं," मामा म्हणाला. "तुझी भक्त होती ती."

"मग विचारलं असतं. माझं काय, मी आज ना उद्या बंदच होणार होतो." तो उठला. दाराशी थांबून एवढंच म्हणाला, "खुंट्या, मला तुझा राग नाही आला. यायला हवा होता. पण हिच्याकडे बघून मला तुझी भीती वाटली."

म्हाताऱ्याने पुन्हा गिटार हातात घेतली नाही. मामाला पुन्हा बोलावणं आलं नाही. चार वर्षांनी म्हातारा गेला. वर्तमानपत्रांत त्याच्या हातातल्या ताकदीबद्दल आणि तेराच्या तारांबद्दल मोठमोठे लेख आले. मामाने ते वाचले, घड्या घातल्या आणि रद्दीत टाकले.

मामा आमच्याकडेच राहिला. मी नोकरीला लागले, आई थकली, घरातलं बरंचसं काम मामा करू लागला. आम्ही एका टेबलावर जेवायचो. त्या दुपारबद्दल कुणी बोललं नाही. लोक म्हणतात मनात साठून राहतं, कधीतरी फुटतं. माझं काही फुटलं नाही. मी मामाला भाजी वाढायचे, तो मला मीठ सरकवायचा. मला त्याचा राग येत नव्हता आणि मायाही येत नव्हती. मी त्याला घरातलं माणूस म्हणून सांभाळत होते, इतकंच. सहा वर्षं अशी गेली.

मग एका रविवारी सकाळी तो बटाटे सोलत बसला होता. मी शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. का कोण जाणे, मी विचारलं, "मी वाजवायचे तेव्हा तुला भिंतीपलीकडे ऐकू यायचं?"

"यायचं."

"तेराच्या लावल्यात हे कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"बोट दुखतंय हे?"

"शेवटच्या वर्षी कळायला लागलं. तार चढताना जरा थरथरायची." त्याने सुरी खाली ठेवली नाही. "सांगायला आलो होतो एकदा. तुझ्या दारापर्यंत आलो होतो. म्हटलं, त्याचं वाजवणं बंद पडलं तर पडू दे, पोरीचा हात जायला नको. मनाशी पक्कं केलं होतं."

"मग?"

"तू ते संथ गाणं वाजवत होतीस. आणि तो आवाज होता. त्याचा जुना. माझ्याच हाताने मी त्याच्याकडून काढून घेतला होता, त्यानंतर कुठेच ऐकला नव्हता. म्हटलं, एवढं गाणं संपू दे, मग सांगतो. दाराशीच उभा राहिलो. गाणं संपलं तेव्हा म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभा राहिलो."

"किती दिवस?" मी विचारलं.

मामाने हातातला बटाटा पूर्ण सोलून पाण्यात टाकला.

"बोट जाईपर्यंत," तो म्हणाला.