कुमुद सिस्टरची शिकवणी

पनवेलच्या त्या खासगी हॉस्पिटलात कुमुद सिस्टरला सगळे घाबरत. डॉक्टर जरा कमी, वॉर्डबॉय जरा जास्त, आणि पेशंट तर तिच्या चपलांचा आवाज आला की होते त्याहून आजारी दिसायला लागत. बाईचा हात हलका, सुई टोचलेली कळायची नाही. जीभ मात्र टोचली की महिनाभर ठणकायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिचं एक मत पक्कं झालं होतं. देवानं पेशंटला डोकं दिलंय ते विचार करायला नाही, नुसतं हलवायला.

घरी सोडताना पेशंटला औषधपाण्याचं सगळं समजावून सांगायचं, हे काम तिचं. हॉस्पिटलवाल्यांनी त्यासाठी भिंतीवर मोठा रंगीत फलक लावला होता. त्यावर हसरी नर्स, हसरा म्हातारा आणि पनवेलच्या बाजारात कधी कुणी पाहिली नाहीत असली फळं. त्या फलकाखाली उभी राहून कुमुद सिस्टर एस.टी.च्या कंडक्टरनं थांबे ओरडावेत तशी शिकवायची. इंजेक्शन जेवणाआधी, गोड बंद, पाय कोरडे, औषध थंड ठेवा, समजलं? आणि समोरचं मुंडकं हलायचं, हो. 'समजलं का' विचारल्यावर 'नाही' म्हणणारा माणूस पनवेल तालुक्यात अजून जन्माला यायचाय. सिस्टरलाही ते ठाऊक होतं. पण मुंडकं हललं की हिचं काम संपलं. पेशंट परत आला की त्याची खरडपट्टी काढायला ही मोकळी.

आता ही सिस्टर मुळात कुठली? कुणी विचारलं तर 'उरणकडची' म्हणायची आणि पुढचं गिळून टाकायची. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर गोदू कोळीण बोंबील विकायची, तिची ही पोर. गोदूनं डोक्यावर पाट्या वाहून हिला नर्सिंगला घातली. पोर शिकली, नोकरीला लागली, घाटावरच्या सुभाषशी लग्न केलं, खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला आणि तोंडातलं हाय-नाय पार खरवडून काढलं. बाजारात पापलेट घेतलं की साफ करायला विकणारीच्याच हातात द्यायची आणि स्वतः नाकाला रुमाल लावून उभी. डोळे मिटून मासा कापील असे हात, आणि ते पर्सचा पट्टा धरून उभे! सोंग करावं, पण कुणासाठी? खांदा कॉलनीत कुणाला पडली होती हिची आई काय विकत होती त्याची.

तर अशा या बाईच्या वॉर्डात मोऱ्याची दमयंती आली. गोदू होती तेव्हा तिच्याच शेजारी पाटी मांडून बसणारी. शिंगाळा माशाचा काटा पायाच्या तळव्यात घुसला, तो हिनं सुईनं काढला, हळद दाबली आणि कामाला लागली. जखम भरेना, म्हणून मुलानं, शैलेशनं, आणली, तर साखर ही एवढी वाढलेली. कुमुदनं तिला बघताक्षणी ओळखलं. लहानपणी हिच्याच मांडीवर बसून चिंबोरीच्या नांग्या चोखल्या होत्या. पण ओळखीचं हसू ओठांवर येऊ दिलं नाही. कागदाकडे बघत विचारलं, "नाव काय, आजी?" म्हातारीनं क्षणभर तिच्या तोंडाकडे बघितलं आणि नाव सांगितलं.

जखमेवर पट्टी झाली, इन्सुलिनची बाटली आणि सुया हातात दिल्या गेल्या, आणि दमयंतीलाही फलकाखाली उभं करून तीच शिकवणी मिळाली. इंजेक्शन जेवणाआधी, औषध थंड ठेवा, समजलं? दमयंतीनं मान हलवली. सिस्टरनं पुढच्याला हाक मारली.

पंधरवड्यानं म्हातारी परत आली, ती जखम वाढवूनच. साखर होती तिथेच. डॉक्टरांनी डोस वाढवला, सिस्टरनं आवाज वाढवला. इंजेक्शनं घेत नाही, भात आणि मासळी चापते, वर आम्हांला शिकवते, असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सुनावलं. दमयंती म्हणाली, मी रोज घेते. सिस्टर हसली. हे वाक्य तिनं इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की त्यावर उत्तरसुद्धा द्यावंसं वाटत नसे.

तिसऱ्या खेपेला अंगठा काळा पडला होता आणि शैलेशनं आईला उचलूनच आणलं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की विष वर चढलं तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. शैलेश बंदरात कामाला, गडी मोठा, पण भिंतीला टेकून बसला. दमयंतीला कळलं तेव्हा ती रडली नाही, तिनं एवढंच विचारलं की पाय गेला तर विळी कशानं दाबायची. विळीची पाटली पायाखाली दाबायची आणि दोन्ही हातांनी मासा पात्यावर चालवायचा, यावर तिनं संसार ओढला होता. पाय नाही तर धंदा नाही, आणि धंदा नाही तर सुनेच्या चुलीशी बसून ताट वाढायची वाट बघायची. मेलेलं बरं, असं ती उघडच बोलली.

वॉर्डात कुमुद सिस्टरच्या हातची इंजेक्शनं सुरू झाली आणि गंमत म्हणजे साखर उतरायला लागली. झालं! सिस्टरला आयतं कोलीत मिळालं. बघा, म्हणाली, इथे मी टोचते तर उतरते, घरी उतरत नव्हती. म्हणजे कोण खोटं बोलतंय? दमयंतीनं एकवीरा आईची शपथ घेतली. सिस्टर म्हणाली, देवीला मध्ये कशाला ओढता, तिला साखर मोजता येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाया फिदीफिदी हसल्या. त्यांतल्या निम्म्यांनी स्वतःच्या गोळ्या उशीखाली लपवल्या होत्या, पण दुसऱ्याची फजिती बघायला पथ्य लागत नाही.

तेवढ्यानंही सिस्टरचं समाधान होईना. तिनं शैलेशला हुकूम सोडला की घरची बाटली जशी असेल तशी घेऊन ये. तिची खात्री होती की बाटली भरलेली निघणार. मग ती भरलेली बाटली सगळ्या वॉर्डाला दाखवायची, म्हातारीचं तोंड कायमचं बंद करायचं, आणि पाय गेला तर तो कुणाच्या पापानं गेला हे लख्ख होऊन जाईल. माणूस दुसऱ्याची फजिती करायला निघाला की किती कष्ट घेतो! एवढे कष्ट तिनं शिकवताना घेतले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शैलेश आला, तो थर्मोकोलचा खोका बगलेत मारून. वॉर्डात मासळीचा वास सुटला, बायांनी नाकाला पदर लावले. सिस्टरनं झाकण उचललं. आत फोडलेला बर्फ, त्यावर खडेमीठ, दोन सुरमया, आणि त्यांच्यामध्ये अंगाला खवलं चिकटलेली इन्सुलिनची बाटली. तिनं ती बाहेर काढली. भरलेली नव्हती. तळाशी थोडंसं औषध उरलं होतं, आणि ते दगडासारखं गोठलेलं होतं.

म्हणजे म्हातारी रोज टोचून घेत होती. गोठलेली बाटली चोळीत धरून वितळवायची आणि रोज, न चुकता, मेलेलं औषध पोटात घालायची. गोठलं की इन्सुलिनमध्ये काही राम उरत नाही, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल. सिस्टर बाटलीकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बर्फात? बर्फात ठेवलंत?"

आता हसायची पाळी दमयंतीची होती. "थंड ठेव बोललीस ना तू? मंग बर्फापरीस थंड काय हाय जगात?"

सुनेकडे फ्रीज होता, ती पुढे म्हणाली, पण फ्रीजमध्ये ठेवायचं ते शिळं खाणाऱ्यांनी. रविवारी घेतलेली मासळी गुरुवारी खाणाऱ्या कॉलनीतल्या बायांनी. कोळ्याच्या घरात जे जपायचं ते बर्फात जातं, आणि बर्फ टिकावा म्हणून त्यावर मीठ पडतं. एवढं महागामोलाचं औषध ती फ्रीजसारख्या भिकार पेटीत कशी ठेवणार होती?

कुमुद सिस्टरला हे कुणी सांगायला नको होतं. गोदूच्या घरी बर्फाच्या पेटीत काय नसायचं? पहिल्या जाळ्यात आलेली वाम, पाहुण्यांसाठी आणलेली थंड्याची बाटली, एकदा तर हिच्याच डोळ्यांत घालायचं औषध. मोऱ्याच्या बाईला 'थंड ठेव' म्हटलं की ती कुठे हात घालील, हे त्या अख्ख्या हॉस्पिटलात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस नाकाला रुमाल लावून बसलं होतं. तिला लाज वाटली. इतकी की अंगावरचा पांढरा कोट काढून टाकावासा वाटला.

पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारत नाही. डॉक्टरांना सांगताना तिनं सांगितलं काय, तर पेशंटनं औषध चुकीचं ठेवलं. डॉक्टर मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, "ह्या लोकांना कितीही शिकवा, सिस्टर, फुकट आहे." हेच वाक्य ती स्वतः रोज, चहा पिता पिता, किती सहज बोलायची. आज ते कानात गेलं आणि 'ह्या लोकांना' मध्ये आपली आई पाटी घेऊन उभी आहे हे तिला दिसलं. डॉक्टरांना तिथल्या तिथे फाडकन सुनवायला हवं होतं, पण तेवढी हिंमत ती पेशंटपुढेच दाखवायची.

चांगल्या औषधानं विष वर चढायचं थांबलं. गुडघा वाचला, पाय वाचला. अंगठा आणि शेजारचं बोट मात्र काढावं लागलं. ती दोन बोटं महिन्याआधी वाचली असती, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि सिस्टरनं विचारलं नाही.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टर फलकाखाली गेली नाही. तिनं स्टूल ओढलं, दमयंतीच्या खाटेला टेकून बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वॉर्डात मोऱ्याची बोली बोलली. बर्फ नाय, मीठ नाय. फ्रीज नको तर नको, माठाशेजारी पाण्याचं मडकं ठेव, त्यात डब्यात घालून बाटली ठेव, डब्यात पाणी जाऊ देऊ नको. मग म्हणाली, आता तू मला सांग, घरी गेल्यावर काय करशील. दमयंतीनं सगळं सांगितलं, मडकं कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं तेही. रिकामी सुई हातात घेऊन करून दाखवलं. एकही चूक नाही. शिकायला म्हातारी मुळीच मठ्ठ नव्हती, तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

सिस्टरला बरं वाटलं. एवढं बरं की धीर आला, आणि तिनं हळूच विचारलं, "मावशी, मला वलखलास का? मी गोदूची कुमी."

दमयंती पट्टी बांधलेला पाय दोन्ही हातांनी उचलून खाली घेत होती. ती न थांबता म्हणाली, "पयल्याच दिशी वलखला. तवाच इचारनार होती मी तुला, बर्फात ठेवला तर चालंल का म्हून. पन तू नाव इचारलास माजा. मंग म्हटला, ही आपली नाय. इचारला तर हसंल. म्हून गप बसली."