खोबरेल लावलेली मांजर

मांजर आपल्या लेकराला ओळखते की नाही, या प्रश्नावरून इस्रायलमधल्या येरुहाम गावच्या आमच्या लाकडी झोपडीत एकदा घर डोक्यावर घेतले गेले होते. मला विचाराल तर मांजर फक्त माशाला ओळखते. पण तेव्हा मला कोणी विचारत नसे.

झाले असे, की ठाण्याहून निघायच्या वेळी धाकट्या भावाला गोवर आला आणि त्याला आजीपाशी ठेवून आम्ही पुढे आलो. तेव्हा तो नुकता चालू लागला होता. आता चार वर्षांचा होऊन तो आजीबरोबर यायचा होता, आणि आईने एकच घोर लावून घेतला होता: पोर मला ओळखेल का? बाबा म्हणाले, "रक्त रक्ताला ओळखतेच." आईचा रक्तावर भरवसा नव्हता. तिला पुरावा हवा होता. आमच्या मांजरीचे एक पिल्लू मावशीने वर्षापूर्वी बेरशेव्याला नेले होते. आईने निरोप धाडला, "तिला घेऊन ये गो. आमची मांजर लेकीला ओळखते का बघू."

मी "श्तुयोत" म्हणाले, म्हणजे फालतूपणा. माझ्या हिब्रूकडे घरात कोणी लक्ष देत नसे.

शुक्रवारी दुपारच्या बसने मावशी आली. मांडीवर पिशवी आणि पिशवीतून मांजरीचे तेवढे डोके बाहेर. आमच्या मांजरीने लेकीला हुंगले, शेपूट फुगवली आणि असा पंजा हाणला की लेक थेट कपाटावर. आईने डोळ्यांना पदर लावला. त्या संध्याकाळी ती शाबाथचे, आठवड्याच्या सणाचे, जेवलीसुद्धा नाही.

लेकीला खाली काढायला मी स्टुलावर चढले, तर हात तेलकट झाले. डोके चपचपीत, अंगाला साबणाचा घमघमाट.

"मावशी, हिला काय लावलेस?"

"खोबरेल," मावशी म्हणाली. "पोरगी पहिल्यांदा माहेरी येते, तशीच पारोशी आणू? न्हाऊ घातली, तेल लावले. मुंबईची शेवटची बाटली होती."

बाबा हसून हसून बेजार झाले. म्हणाले, "मांजर वासाने ओळखते, आणि तू वासच धुऊन टाकलास."

आई मात्र हसली नाही. तिने यातून भलताच धडा घेतला. पेटीतली ठाण्याची जुनी साडी न धुताच नेसायची आणि पोर येईपर्यंत अंगाला इथला साबण लावायचा नाही, असे तिने ठरवले. दिवस उन्हाळ्याचे होते. लोदच्या विमानतळावर जाताना बाबा बसमध्ये पार मागच्या बाकावर जाऊन बसले.

भाऊ आजीच्या पदराआड लपून आला. आई हात पसरून पुढे झाली, तर त्याने नाक दाबून धरले आणि आजीला विचारले, "ही बाई कोण?" आईने पसरलेले हात खाली घेतले. मला तिच्याकडे बघवेना. साडीची कल्पना कितीही खुळी असली तरी ती लागू पडायला हवी होती, असे मला फार वाटले.

परतीच्या बसमध्ये तो आई आणि आजीच्या मध्ये बसला आणि बघता बघता झोपला. झोपेतच त्याने "आई" म्हणून हाक मारली. इतकी वर्षे तो आजीलाच आई म्हणत आला होता. ओ मात्र दोघींनीही दिली. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हाक मारली, तेव्हा आजी खिडकीबाहेर बघत गप्प राहिली.