मासोळी आणि एक ठोका

ऐंशीच्या दशकात भंडाऱ्याच्या बाजारात माझं पितळी भांड्यांचं दुकान होतं. विकणं कमी, ठोकणं जास्त. गिऱ्हाईक जरा थांबावं म्हणून मी नागपूरहून काचेची पेटी आणि एक सोनेरी मासोळी आणली. गिऱ्हाईक मासोळी बघून तसंच निघून जायचं, पण मला मात्र तिचा लळा लागला.

चार वर्षांनी ती फुगली. खवले उभे राहिले, पाण्यावर आडवी पडून नुसती तोंडाची उघडझाप करायची. मीठ, औषध, ताजं पाणी, सगळं करून झालं. आठवडाभर तेच बघून बायको चिडली.

"आवो, तिले असं काहून तडफडू देऊन राहिले? मोकळं करा ना!"

म्हणायला काय जातं! मी ढेकूणसुद्धा डोळे मिटून मारणारा माणूस. शेजारच्या किराणावाल्यानं सल्ला दिला, बर्फात घाला, थंडीनं झोप लागते. मी मोठ्या शहाण्यासारखा बर्फ आणून बादलीत टाकला आणि तिला त्यात सोडलं. झोप कसली! आठवडाभर न हललेली मासोळी अशी उसळली की मी घाबरून तिला परत पेटीत टाकलं. स्वतःची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

तडक मच्छी बाजारात गेलो. तिथे मासे विकायला एक ढिवरीण मावशी बसायची. म्हटलं, "मावशी, तुमी चला अन् तुमीच मारा."

"मी कायले? मासोळी तुमची. वल्ल्या फडक्यात धरा, डोळ्याच्या मांगं, डोक्यावर एकच ठोका. जोरात. हळू माराल तं तिलेच तरास."

एवढं बोलून सुरी घेऊन सोबत आली मात्र.

माझी गोची वेगळीच होती. आम्हा भांडी ठोकणाऱ्यांचा हात हलका. घागरीचा पोचा काढायला शंभर नाजूक ठोके लागतात. एक जोराचा बसला की भांडं कामातून गेलं. वीस वर्षं हाताला हेच शिकवलेलं. म्हणून आधी फळीवर चार वेळा भांडी ठोकायची लाकडी मोगरी हाणून पाहिली. मावशी हसली. बायको दारात तोंडाला पदर लावून उभी. मग मासोळी ओल्या फडक्यात धरली, डोळे उघडे ठेवले आणि ठोका मारला.

मावशीनं तिला उचलून तिरकी केली. तिरकं केलं की जित्या मासोळीचा डोळा फिरतो. हा फिरला नाही. कल्लाही हलला नाही. तरी खात्रीसाठी तिनं डोक्यात सुरी घातली आणि मान डोलावली.

"नाही बाप्पा, इले समजलंबी नाही."

मला रडू फुटलं आणि त्यातच हसूही. किराणावाला काय झालं म्हणून धावत आला, तर मी मोगरी उंच धरून बाजारभर ऐकू जाईल असा ओरडलो, "एका ठोक्यात! तिले समजलंबी नाही!"