दाराकडे धावणारं पाणी

इस्पितळातल्या कपड्यांच्या धुलाई विभागात तिची नोकरी. दिवसभर ओल्या चादरी उचलून खांदे भरून यायचे. घरी आलं की पुन्हा पाणीच. बाथरूमची नवी फरशी बसवल्यापासून पाणी जाळीकडे न जाता दाराकडे धावायचं. प्रत्येक आंघोळीनंतर ते वायपरने उलटं ढकलत न्यावं लागायचं. सासूबाई दोनदा घसरता घसरता वाचल्या होत्या.

गवंडी नवऱ्याच्या ओळखीचा. काम उरकून गेला तो गेलाच, आता फोनही उचलत नव्हता. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. फोनवर म्हणाला, "चांगला माणूस होता गं."

"असेल. पाण्याला माहीत नाही ते."

दुसरा गवंडी आला, दारातूनच चुकचुकत म्हणाला, सगळं फोडावं लागेल. तिसऱ्याने तेच सांगून वर भिंतीतही खोट काढली. सगळं फोडणं तिला परवडणारं नव्हतं. ती वायपर ढकलत राहिली.

समोर इमारत उभी राहत होती. तिथे डोक्यावर माल वाहणारी एक बिगारी बाई त्यांच्या घरी पाण्याची बाटली भरायला यायची. एकदा सासूबाईंनी तिच्यापुढे रडगाणं गायलं. बाई बाथरूममध्ये गेली, तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवी बसून ते कुठे जातंय ते बघत राहिली.

"जाळीकडचं ठीक आहे. दाराकडच्या फरशीच्या तीन ओळी उचलायच्या, खाली सिमेंटचा माल भरून वर घ्यायच्या. सगळं कशाला फोडायचं?"

"कोण करेल?" नुकतीच कामावरून आलेल्या सुनेने विचारलं.

"मी करते. रविवारी सुट्टी असते."

"तुम्हाला येतं?"

"वीस वर्षं गवंड्यांच्या हाताखाली आहे. त्यांचा डोळा लागला की थापी मीच धरते."

सुनेला धाकधूक होती, पण दुसरा इलाज नव्हता. रविवारी बाई छन्नी-हातोडी घेऊन आली. फरशी जपून काढूनही निम्मी फुटली. तो रंग आता बाजारात मिळेना, म्हणून दुकानातली उरलीसुरली करडी फरशी आणावी लागली. ती माल कालवून देत होती, बाई बसवत होती. दुपारी सासूबाईंनी चहा दिला तेव्हा बाई भिंतीला टेकली आणि कप हातात तसाच धरून डुलकी घेऊ लागली. तिला कुणी उठवलं नाही.

माल सुकेपर्यंत चार दिवस सगळे शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेले. मग तिने बादली उपडी केली. पाणी क्षणभर थबकलं आणि जाळीकडे वळलं. एका कोपऱ्यात ओंजळभर साचलं, तेवढं राहिलंच. दाराजवळचा करडा पट्टा ठिगळासारखा दिसत होता. सासूबाई म्हणाल्या, "दिसेना का. पाय तर टिकतोय."

पुढच्या रविवारी ती इमारतीच्या आवारातल्या बाईच्या झोपडीवर पैसे द्यायला गेली. म्हणाली, "आमच्या धुलाईतल्या दोघीतिघींची घरं अशीच बिघडलीत. त्यांना सांगते, एक गवंडीण आहे म्हणून."

बाईने आजूबाजूला पाहिलं. "सांगा. फक्त या इमारतीवर कुणाला बोलू नका. मी बाहेर गवंडीकाम करते हे मुकादमाला कळलं तर उद्या घमेलंही हाती देणार नाही."

"बरं," ती म्हणाली. तिलाही उद्या सकाळच्या पाळीला जायचं होतं. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती घराकडे वळली.