शेवटचा बुडबुडा

काटेवाडीहून सायकलवर आमच्याकडे दूध घालायला येणारे तात्या काही मेकॅनिक नव्हते. पण माझी जुनी गाडी इंदापूर रस्त्यावर दुसऱ्यांदा तापली आणि गॅरेजवाल्यानं रेडिएटरच बदला म्हणून सांगितलं, तेव्हा मी वैतागून त्यांच्यापाशी बोललो.

"हवा धरली आसंल. आमच्या हिरीवरल्या मोटरीचा पाइप बी धरतो की," ते म्हणाले.

गार गाडी त्यांनी घरापुढच्या चढावर तोंड वर करून लावायला सांगितली, रेडिएटरचं झाकण काढलं आणि मला इंजिन चालू करायला लावलं. मग म्हशीची कास चोळावी तसा रबरी पाइप ते हलक्या हातानं दाबत राहिले. बुडबुडे येत, पाणी खाली जाई, ते तांब्यानं भर घालत. बायकोनं दिलेला चहा निवून गेला.

बुडबुडे थांबले तसं मी लावायला झाकण उचललं.

"थांबा. अजून एक हाय."

खरंच आला, चांगला लिंबाएवढा. पुन्हा झाकण उचललं, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा बुडबुडा. मला राहवेना.

"तात्या, तुम्हाला कळतं कसं?"

"मला कुठं कळतंय? आमचा आज्जा मेंढरं वाडग्यात कोंडताना रोज म्हणायचा, अजून एक मागं हाय. नसलं तरी म्हणायचा. मंग कोण घाईनं कवाड लावत न्हाय."

ते गार चहा प्याले.

"एकदा म्या लावलं व्हतं. सकाळी भायेर नुसती लोकर घावली."